विद्यार्थ्यांच्या निबंधवाचन सभा आणि महाराष्ट्रातील मानव्यविद्यांची पायाभरणी (१८४८–१८६८)

प्रस्तावना

एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्राच्या प्रबोधनाचा इतिहास लिहिताना वृत्तपत्रे, धर्मसुधारणेच्या चळवळी, शिक्षणसंस्था आणि थोर समाजसुधारकांची चरित्रे यांची दखल विस्ताराने घेतली जाते. त्या मानाने महाविद्यालयीन विद्यार्थी ज्या सभांमध्ये स्वतः लिहून आणलेले निबंध सहाध्यायांपुढे व अध्यापकांपुढे वाचीत असत, त्या सभा काहीशा उपेक्षित राहिल्या आहेत. त्यांचा उल्लेख होतो, तो बहुधा एखाद्या थोर पुरुषाच्या विद्यार्थिदशेचा तपशील म्हणून. वस्तुतः आधुनिक मराठीत इतिहास, समाज, शिक्षण व भाषा या विषयांवर पुराव्यानिशी लिहिण्याची जी परंपरा निर्माण झाली, तिचा एक महत्त्वाचा उगम या सभांत सापडतो.

विद्यार्थ्याचे संशोधन म्हणजे परीक्षेच्या पूर्वतयारीचा एक भाग, अशी समजूत आज रूढ आहे. प्रकल्प लिहावा, तो विभागात सादर करावा, गुण मिळावेत आणि प्रत कपाटात जावी, असा त्याचा नेहमीचा प्रवास असतो. या पार्श्वभूमीवर १८४८ ते १८६८ या दोन दशकांतील तीन प्रसंगांचा विचार उद्बोधक ठरतो. पहिला प्रसंग मुंबईतील स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटीचा, दुसरा विद्यार्थी महादेव गोविंद रानडे यांच्या निबंधाचा आणि तिसरा नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनी ग्रँट डफच्या इतिहासग्रंथावर केलेल्या टीकेचा. विद्यार्थ्याच्या लेखनाचे सामर्थ्य त्याच्या विद्वत्तेइतकेच ते ऐकणाऱ्यांवर, विशेषतः ऐकणाऱ्या अध्यापकाच्या पुढच्या कृतीवर अवलंबून असते, हे या तीन प्रसंगांच्या आधारे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पार्श्वभूमी

मुंबई इलाख्यात इंग्रजी पद्धतीच्या शिक्षणाचा संघटित प्रयत्न १८२२ मध्ये ‘हैंदशाळा व शाळापुस्तक मंडळी’च्या स्थापनेने सुरू झाला. १८२७ मध्ये गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी मुंबई सोडली, त्या वेळी त्यांच्या स्मरणार्थ नागरिकांनी जमविलेल्या निधीतून पुढे उच्च शिक्षणाची सोय झाली आणि एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशन नावारूपास आली. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ ची. तेव्हा १८४० च्या दशकात या संस्थेत शिकणाऱ्या तरुणांपुढे आजच्या अर्थाने पदवी नव्हती. शिष्यवृत्त्या होत्या, बक्षिसे होती, सरकारी नोकरीची आशा होती. परंतु शिकलेल्या ज्ञानाचे समाजात काय करावयाचे, या प्रश्नाचे उत्तर अभ्यासक्रमात नव्हते.

या पिढीपुढे एक आदर्श मात्र होता. बाळशास्त्री जांभेकर हे याच संस्थेत अध्यापन करीत होते. १८३२ मध्ये ‘दर्पण’ आणि १८४० मध्ये ‘दिग्दर्शन’ सुरू करणाऱ्या बाळशास्त्रींनी ताम्रपट व शिलालेख यांचाही अभ्यास केला आणि त्यावरील लेखन रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात प्रसिद्ध केले. या विद्वत्सभेचे सभासदत्व भारतीय माणसाला मिळण्यास १८४० साल उजाडावे लागले. अशा काळात एका भारतीय अध्यापकाने प्राचीन लेखांचे वाचन करून ते विद्वानांपुढे मांडावे, ही गोष्ट विद्यार्थ्यांच्या दृष्टीने लहान नव्हती. दादाभाई नौरोजी आणि भाऊ दाजी लाड हे त्यांच्या विद्यार्थ्यांपैकी होत. १८४६ मध्ये बाळशास्त्रींचे अकाली निधन झाले. त्यांच्या मागे जी तरुण मंडळी उरली, त्यांनी अवघ्या दोन वर्षांत स्वतःची सभा उभी केली.

१८४८ ची सभा : रचना व कार्यपद्धती

१३ जून १८४८ रोजी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमधील विद्यार्थी व नुकतेच शिक्षण संपविलेले तरुण यांनी स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटीची स्थापना केली. प्राध्यापक पॅटन यांचे मार्गदर्शन तिला लाभले. दादाभाई नौरोजी हे तिच्या प्रमुख कार्यकर्त्यांपैकी एक होते. त्या वेळी त्यांचे वय २२ वर्षांचे होते. पुढे डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासारख्या विद्वानाने या सोसायटीचे अध्यक्षपद भूषविले.

सभेचे स्वरूप साधे होते. ठरलेल्या दिवशी सभासद एकत्र येत, एक जण आपला निबंध वाची आणि त्यावर चर्चा होई. विषय साहित्याचे, इतिहासाचे, समाजस्थितीचे असत, तसेच भौतिक शास्त्रांचेही असत. धर्म आणि राजकारण हे विषय मात्र चर्चेबाहेर ठेवलेले होते. ही मर्यादा सावधगिरीची होती. १८४० च्या दशकात मुंबईत धर्मांतरांच्या प्रकरणांवरून वातावरण तापलेले असे. विद्यार्थ्यांची सभा धर्मविरोधी आहे असा बोभाटा झाला असता, तर पालकांनी मुलांना शाळेतून काढून घेतले असते. या मर्यादेचे परिणाम काय झाले, याचा विचार पुढे केला आहे.

या सोसायटीचे खरे वैशिष्ट्य तिच्या शाखांमध्ये आहे. मुख्य सभेचे कामकाज इंग्रजीत चाले. परंतु इंग्रजी न जाणणाऱ्या आपल्या बांधवांपर्यंत हे ज्ञान पोहोचले पाहिजे, या जाणिवेतून लवकरच देशी भाषांतील शाखा निघाल्या. मराठी भाषकांसाठी उपयुक्त ज्ञानप्रसारक सभा स्थापन झाली आणि तिचे अध्यक्षपद मराठी व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकर यांच्याकडे आले. गुजराती भाषक पारशी समाजासाठी ज्ञानप्रसारक मंडळी निघाली आणि १८५१ मध्ये गुजराती हिंदूंसाठी बुद्धिवर्धक सभा सुरू झाली. मराठी सभेने १८५० मध्ये ‘मराठी ज्ञानप्रसारक’ हे मासिक सुरू केले. सभेत वाचलेले निबंध त्यात छापले जात. हे मासिक १८६७ पर्यंत चालले.

या रचनेकडे बारकाईने पाहिले असता तिच्यातील तीन पायऱ्या लक्षात येतात. पहिल्या पायरीवर निबंध सहाध्यायांपुढे तपासला जाई. दुसऱ्या पायरीवर तो विषय मातृभाषेत, इंग्रजी शिक्षणाच्या वर्तुळाबाहेरील श्रोत्यांपुढे येई. तिसऱ्या पायरीवर तो छापला जाऊन गावोगावच्या वाचकाच्या हाती पडे. दुसरी पायरी सर्वांत कठीण होती. इंग्रजीत वाचलेला विषय मराठीत मांडताना केवळ शब्द बदलून भागत नसे. राज्यव्यवस्था, अर्थव्यवहार, प्राचीन लेखांचे वाचन यांसाठी परिभाषा घडवावी लागे. श्रोत्याला काय ठाऊक आहे आणि काय नाही, याचा अंदाज घ्यावा लागे. मराठी गद्य या काळात शास्त्रीय व वैचारिक विषय पेलू लागले, त्यात पाठ्यपुस्तकांच्या भाषांतरांचा वाटा मोठा आहेच. परंतु भाषांतरकाराच्या समोर श्रोता बसलेला नसतो. सभेत निबंध वाचणाऱ्या तरुणासमोर तो बसलेला होता, आणि न समजल्यास तो तसे सांगू शकत होता.

निबंधाकडून शाळेकडे

या सोसायटीच्या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचा प्रसंग १८४९ मधील आहे. बेहरामजी खरशेदजी गांधी या सभासदाने स्त्रीशिक्षण या विषयावर निबंध वाचला. निबंधाचे स्वागत उत्साहाने झाले. सभासदांनी त्यातील विचारांना पाठिंबा दिला. अशा प्रसंगी सामान्यतः आभार मानून सभा विसर्जित होते. परंतु प्राध्यापक पॅटन यांनी विद्यार्थ्यांपुढे एक वेगळीच गोष्ट ठेवली. स्त्रीशिक्षण आवश्यक आहे असे सर्वांना पटत असेल, तर केवळ चर्चा करून थांबण्यात अर्थ नाही, ते प्रत्यक्षात आणण्यासाठी काही केले पाहिजे, असे त्यांनी सुचविले.

विद्यार्थ्यांनी ही सूचना मनावर घेतली. सभासद घरोघर गेले, मुलींना शाळेत पाठवावे म्हणून पालकांची मनधरणी केली. सर्वच ठिकाणी त्यांचे स्वागत झाले असे नाही. असला विचार घेऊन येणाऱ्यांना जिन्यावरून खाली ढकलून देण्याची भाषाही काही घरांत ऐकावी लागली, असे दादाभाईंच्या आठवणींतून समजते. तरीही ऑक्टोबर १८४९ मध्ये मुलींच्या शाळा सुरू झाल्या. आरंभी ४४ पारशी आणि २४ हिंदू मुली शिकण्यास आल्या. शिक्षक म्हणून सोसायटीचे सभासद स्वतः सकाळच्या वेळी, कोणतेही वेतन न घेता काम करीत. जगन्नाथ शंकरशेट यांनी मराठी मुलींच्या शाळेला आपल्या वास्तूत जागा दिली. पारशी मुलींच्या शाळांना कामा कुटुंबाचे आर्थिक साहाय्य मिळाले.

या प्रसंगाचे शैक्षणिक महत्त्व नेहमी सांगितले जाते. विद्यार्थ्यांच्या संशोधनाच्या दृष्टीने त्यातून आणखी एक गोष्ट निष्पन्न होते. बेहरामजींचा निबंध हा त्या काळातील या विषयावरचा पहिला किंवा सर्वांत सखोल निबंध होता, असा दावा कोणी केलेला नाही. त्याचे मोल ठरले ते ऐकणाऱ्यांमुळे. निबंधाचे निष्कर्ष खरे मानून वागण्याची तयारी श्रोत्यांनी दाखविली. घरोघर फिरताना सभासदांना पालकांचे आक्षेप, भीती, खर्चाच्या अडचणी, लग्नाच्या वयाचा प्रश्न अशा अनेक गोष्टी प्रत्यक्ष कळल्या असणार. ग्रंथालयात बसून लिहिलेल्या निबंधाची तपासणी अशा रीतीने समाजात झाली. आजच्या भाषेत सांगावयाचे तर निबंध हा या संशोधनाचा आरंभ ठरला.

निबंध लिहिण्याची किंमत

सभेत निबंध वाचणे हा त्या काळी केवळ बौद्धिक विलास नव्हता, हे करसनदास मुळजी यांच्या उदाहरणावरून दिसून येते. १८५० च्या दशकाच्या आरंभी एल्फिन्स्टनमध्ये शिकत असलेल्या करसनदासांनी विधवाविवाहाच्या विषयावर स्पर्धेसाठी निबंध लिहावयास घेतला. ते आपल्या वृद्ध आप्त स्त्रीच्या आश्रयाने राहत होते. निबंधाचा मजकूर घरात कळताच त्यांना घर सोडावे लागले. आश्रयाबरोबर शिक्षणालाही खीळ बसली. तरीही ते लेखनापासून दूर झाले नाहीत. १८५५ मध्ये त्यांनी ‘सत्यप्रकाश’ हे गुजराती पत्र सुरू केले आणि १८६२ च्या सुप्रसिद्ध महाराज अब्रुनुकसानीच्या खटल्यात ते प्रतिवादी म्हणून निर्भयपणे उभे राहिले. या खटल्यात भाऊ दाजी लाड यांनी त्यांच्या बाजूने साक्ष दिली.

या उदाहरणात लक्षणीय गोष्ट ही की, घरातून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्याच्या मागे सभेतून निर्माण झालेले मित्रमंडळ उभे राहिले. निबंध एकट्याने लिहिला जातो, परंतु त्याचे परिणाम एकट्याने सोसावे लागू नयेत, ही व्यवस्था सभा करू शकते. परीक्षेचा विभाग ती करू शकत नाही.

राज्यकर्त्यांना न रुचलेला निबंध : विद्यार्थी रानडे

१८५७ मध्ये मुंबई विद्यापीठाची स्थापना झाली आणि १८५९ मध्ये पहिली प्रवेश परीक्षा झाली. ती उत्तीर्ण होणाऱ्यांत महादेव गोविंद रानडे होते. १८६२ मध्ये ते बी. ए. झाले. रामकृष्ण गोपाळ भांडारकर हेही त्याच पहिल्या तुकडीतले. विद्यार्थिदशेत रानडे यांनी ज्ञानप्रसारक सभेपुढे मराठीतून निबंध वाचले. शिकलेल्या तरुणांची कर्तव्ये हा त्यांपैकी एकाचा विषय होता. दहा वर्षांपूर्वी सुरू झालेली सभा आता विद्यापीठाच्या पहिल्या पिढीलाही व्यासपीठ पुरवीत होती, हे यावरून ध्यानात येते.

रानडे यांच्या विद्यार्थिदशेतील एक प्रसंग त्यांच्या चरित्रकारांनी आवर्जून नोंदविला आहे. एका निबंधात त्यांनी मराठ्यांच्या राज्यकारभाराची इंग्रजी राज्याशी तुलना केली आणि ती इंग्रजी राज्याला अनुकूल नव्हती. एल्फिन्स्टन महाविद्यालयाचे प्राचार्य सर अलेक्झांडर ग्रँट हे ॲरिस्टॉटलच्या नीतिशास्त्राचे नामांकित अभ्यासक होते आणि रानडे यांच्या बुद्धिमत्तेविषयी त्यांना आदर होता. तथापि जे सरकार तुम्हाला शिक्षण देते त्याचीच निंदा करणे योग्य नव्हे, अशा आशयाची समज त्यांनी या विद्यार्थ्याला दिली आणि त्यांची शिष्यवृत्ती सहा महिने बंद ठेवली.

ग्रँट यांची भूमिका त्यांच्या स्थानाचा विचार करता अनपेक्षित नव्हती. अशीच घटना दोन दशके आधी कलकत्त्यात घडली होती. १८३८ मध्ये तेथील हिंदू कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांनी सामान्य ज्ञानार्जनासाठी सभा स्थापन केली होती. १८४३ मध्ये तिच्या बैठकीत दक्षिणारंजन मुखर्जी हे कंपनी सरकारच्या न्यायालयांवर व पोलिसांवर टीका करणारा निबंध वाचीत असताना प्राचार्य रिचर्डसन यांनी त्यांना मध्येच अडविले. सभेचे अध्यक्ष ताराचंद चक्रवर्ती यांनी या हस्तक्षेपाला तेथल्या तेथे हरकत घेतली. सभागृह ज्या संस्थेचे, तिची मर्जी निबंधकाराला सांभाळावी लागते, हा धडा कलकत्ता आणि मुंबई या दोन्ही शहरांतील तरुणांना मिळाला.

पॅटन आणि ग्रँट हे दोघेही विद्वान, विद्यार्थ्यांविषयी आस्था असलेले अध्यापक होते. एकाने निबंध ऐकून विद्यार्थ्यांना पुढचे पाऊल टाकावयास लावले. दुसऱ्याने निबंध वाचून शिष्यवृत्ती थांबविली. स्त्रीशिक्षणाचा विषय राज्यकर्त्यांना अडचणीचा नव्हता आणि राज्यकारभाराच्या तुलनेचा विषय होता, हा या दोन प्रतिसादांतील फरकाचा उघड खुलासा आहे. म्हणजेच सोसायटीने सुरुवातीस स्वतःवर घालून घेतलेली राजकारणबंदी काय वाचवीत होती आणि काय दडपीत होती, हे रानडे यांच्या अनुभवाने उघड झाले. रानडे यांनी हा विषय सोडला नाही. पुढे सुमारे चार दशकांनी, १९०० मध्ये, त्यांचा मराठी सत्तेच्या उदयावरील इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. मराठ्यांचे राज्य हा योगायोगाने पेटलेला वणवा नव्हता, त्यामागे भाषा, धर्मजागृती व लोकजीवन यांची दीर्घ तयारी होती, हे त्यात त्यांनी प्रतिपादन केले. विद्यार्थिदशेत दंड झालेल्या विषयाला त्यांनी प्रौढपणी अधिक भक्कम पुराव्यासह उत्तर दिले.

पाठ्यपुस्तकाची चिकित्सा : कीर्तने यांचा निबंध

तिसरा प्रसंग पुण्यातला आहे. जेम्स ग्रँट डफ यांचा मराठ्यांचा इतिहास १८२६ मध्ये प्रसिद्ध झाला. कॅप्टन डेव्हिड केपन यांनी त्याचे मराठी भाषांतर केले आणि ते ‘मराठ्यांची बखर’ या नावाने शाळांमध्ये शिकविले जाऊ लागले. मराठी मुले आपल्याच पूर्वजांचा इतिहास एका इंग्रज अधिकाऱ्याने लिहिलेल्या ग्रंथाच्या आधारे शिकत होती. त्या ग्रंथाखेरीज सलग असा दुसरा इतिहास उपलब्ध नव्हता. त्यामुळे त्याच्यावर प्रश्न उपस्थित करण्यासाठी आवश्यक असलेली तुलना करणेही अवघड होते.

१८६७ मध्ये डेक्कन महाविद्यालयातील विद्यार्थी नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनी पूना यंग मेन्स असोसिएशन या तरुणांच्या संस्थेपुढे ग्रँट डफकृत बखरीवरील टीकात्मक निबंध मराठीत वाचला. पुढच्या वर्षी तो प्रसिद्ध झाला. त्या वेळी कीर्तने ऐन तेविशीत होते. पाठ्यपुस्तक म्हणून ज्या ग्रंथाला मान होता, त्याची पुराव्याच्या आधारे तपासणी करणारा हा मराठीतील आरंभीचा निबंध होय. ग्रँट डफ यांच्या परिश्रमांची जाणीव ठेवूनही त्यांच्या निष्कर्षांना प्रश्न विचारता येतात, मूळ साधने कोणती वापरली व ती कशी वापरली हे तपासावे लागते, आणि लढाया व तह यांच्या हकिकतीत राष्ट्राचा सर्व इतिहास सामावत नाही, ही दृष्टी या निबंधामुळे मराठी वाचकांत रुजली.

कीर्तने पुढे केवळ टीकेवर थांबले नाहीत. परक्याने लिहिलेला इतिहास अपुरा वाटत असेल, तर मूळ साधने प्रकाशात आणली पाहिजेत, हे ओळखून त्यांनी मल्हार रामराव चिटणीस यांच्या बखरीचे संपादन केले. १८६७ मध्येच ‘विविधज्ञानविस्तार’ हे मासिक सुरू झाले होते आणि ‘मराठी ज्ञानप्रसारक’ ज्या वर्षी बंद पडले त्याच वर्षी त्याचे कार्य पुढे नेणारे नवे व्यासपीठ उपलब्ध झाले होते. १८७८ मध्ये ‘काव्येतिहाससंग्रह’ सुरू झाला आणि अनेक बखरी व पत्रे छापली जाऊ लागली. १८९८ मध्ये वि. का. राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड प्रसिद्ध केला आणि १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना झाली. या सर्व कार्याचे श्रेय एका विद्यार्थ्याच्या निबंधाला देणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु साधनांचा प्रश्न जाहीरपणे विचारण्याचा मान त्या निबंधाकडे जातो. तो प्रश्न विचारला गेला तो विद्यापीठाच्या परीक्षागृहात नव्हे, तरुणांनी चालविलेल्या एका सभेत आणि मराठीत. सभागृह राज्यकर्त्यांच्या संस्थेचे नव्हते, हा रानडे यांच्या प्रसंगापेक्षा असलेला फरकही येथे ध्यानात घेण्याजोगा आहे.

सभांच्या मर्यादा

या सभांचे गौरवीकरण करताना त्यांच्या मर्यादांकडे डोळेझाक करता येत नाही. सोसायटीच्या शाखा भाषेच्या व समाजाच्या आधारे विभागलेल्या होत्या. त्यांतील सभासद बहुतांशी उच्चवर्णीय हिंदू आणि पारशी कुटुंबांतील पुरुष होते. स्त्रियांच्या शिक्षणावर निबंध वाचले गेले, मात्र ते वाचणाऱ्यांत स्त्रिया नव्हत्या. जातिव्यवस्थेच्या तळाशी असलेल्या समाजाला तर या सभांची दारे प्रत्यक्षात बंदच होती. कारण सभेत येण्यासाठी आधी महाविद्यालयात यावे लागे.

या मर्यादेची तीव्र जाणीव करून देणारा निबंध याच काळात पुण्यात लिहिला गेला. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मांग समाजातील विद्यार्थिनीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’ या पत्रात प्रसिद्ध झाला. ती कोणत्याही महाविद्यालयाची विद्यार्थिनी नव्हती. तिने वापरलेली साधने म्हणजे आपल्या समाजाच्या आठवणी, पेशवाईतील छळाच्या ऐकलेल्या हकिकती आणि प्रत्यक्ष पाहिलेले जगणे. सोसायटीने धर्म हा विषय चर्चेबाहेर ठेवला होता. मुक्ताने नेमका तोच प्रश्न केंद्रस्थानी आणला. ज्या इतिहासाचा रानडे व कीर्तने यांना अभिमान वाटत होता, त्याच इतिहासाची दुसरी बाजू तिच्या निबंधात नोंदली गेली. एकाच भूतकाळाविषयी तीन विद्यार्थ्यांनी केलेले हे लेखन एकत्र वाचले जाण्यास मराठी विद्याक्षेत्राला फार मोठा काळ लागला. ते ऐकणारी सामायिक सभा त्या काळी अस्तित्वात नव्हती.

आजचा संदर्भ

महाराष्ट्रातील विद्यापीठीय विद्यार्थ्यांच्या संशोधनाला व्यासपीठ देण्यासाठी २००६ पासून ‘आविष्कार’ हा आंतरविद्यापीठीय संशोधन महोत्सव सुरू झाला. पदवी स्तरावरील विद्यार्थ्यांचा त्यात स्वतंत्र गट असून मानव्यविद्या, भाषा व ललित कला यांचाही एक विभाग आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार चार वर्षांच्या पदवी अभ्यासक्रमात संशोधनाला स्थान देण्यात आले आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या आराखड्यानुसार पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के व त्याहून अधिक गुण मिळविणाऱ्या विद्यार्थ्यांना चौथ्या वर्षी संशोधनाचा मार्ग खुला होतो.

हे बदल स्वागतार्ह आहेत. मात्र १८४८ च्या अनुभवाशी तुलना केली असता दोन प्रश्न उपस्थित होतात. पहिला प्रश्न निवडीचा आहे. गुणांच्या आधारे काही थोड्यांना संशोधनाची संधी देणे आणि ज्याला विचार मांडावयाचा आहे त्याला सभेत उभे राहू देणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरा प्रश्न श्रोत्यांचा आहे. स्पर्धेत विद्यार्थी परीक्षकांपुढे काही मिनिटे बोलतो आणि निकाल लागतो. ज्या गावाविषयी, ज्या व्यवसायाविषयी, ज्या बोलीविषयी त्याने अभ्यास केला, ते लोक त्या सभागृहात नसतात. ज्ञानप्रसारक सभेने साध्य केलेली दुसरी पायरी, म्हणजे इंग्रजी वा शास्त्रीय परिभाषेबाहेरील समाजापुढे आपला अभ्यास मांडणे, ही आजच्या व्यवस्थेत बहुधा गळून पडते. महाविद्यालयाच्या ग्रंथालयात अथवा ग्रामपंचायतीच्या सभागृहात महिन्यातून एकदा विद्यार्थ्याचा निबंध मराठीत वाचला गेला आणि ज्यांच्याविषयी तो लिहिला त्यांना त्यावर बोलता आले, तर ही पायरी पुन्हा बांधता येईल. त्यासाठी मोठ्या निधीची गरज नाही. १८४८ च्या विद्यार्थ्यांकडेही तो नव्हता.

निष्कर्ष

१. १८४८ ते १८६८ या काळात महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांच्या निबंधवाचन सभांनी मराठीत समाजचिंतन व इतिहासचिकित्सा यांची पायाभरणी करण्यात महत्त्वाचा वाटा उचलला.

२. स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटीने सहाध्यायी, मातृभाषेतील श्रोते आणि मुद्रित मासिक अशी तीन पायऱ्यांची रचना निर्माण केली. तिच्यामुळे विद्यार्थ्याचा निबंध परीक्षेच्या चौकटीबाहेर पोहोचला.

३. निबंध ऐकल्यानंतर अध्यापक काय करतो, यावर विद्यार्थ्याच्या संशोधनाचे भवितव्य मोठ्या प्रमाणात अवलंबून असते. १८४९ मधील पॅटन यांच्या सूचनेतून मुलींच्या शाळा उभ्या राहिल्या. ग्रँट यांच्या दंडामुळे रानडे यांचा विषय संपला नाही, पण त्या संस्थेच्या सभागृहात तो मोकळेपणाने वाढूही शकला नाही.

४. कीर्तने यांच्या निबंधाने पाठ्यपुस्तकाला प्रश्न विचारण्याचा विद्यार्थ्याचा अधिकार प्रस्थापित केला आणि मूळ साधनांच्या शोधाची दिशा दाखविली.

५. या सभांमधून स्त्रिया व दलित समाज वगळला गेल्यामुळे त्यांचे ज्ञान अपुरे राहिले. मुक्ता साळवे यांचा निबंध या अपुरेपणाची त्याच काळातील साक्ष आहे.

पदवी स्तरावरील संशोधनाला आज पुन्हा महत्त्व प्राप्त होत असताना अध्यापकवर्गाने या इतिहासाकडे पाहणे अगत्याचे आहे. विद्यार्थ्याने निबंध वाचून संपविला की त्याचे काम बहुतांशी पूर्ण होते आणि अध्यापकाचे काम तेथून सुरू होते. त्याला पुढचे पाऊल सुचविणे, त्याच्यासाठी श्रोते मिळविणे आणि त्याचा विषय अडचणीचा ठरल्यास त्याच्या मागे उभे राहणे, या जबाबदाऱ्या १८४९ मध्ये होत्या आणि आजही आहेत.